ओएसजीआय फ्रेमवर्क बंद करणे

ओएसजीआय फ्रेमवर्क बंद करणे म्हणजे जावा भाषेतील ओएसजीआय या मॉड्यूलर प्रणालीवर चालणारे ॲप्लिकेशन, त्यातील प्रत्येक घटकाला आवराआवर करण्याची संधी देऊन, आज्ञावलीतूनच क्रमवार थांबवण्याची प्रक्रिया होय. ओएसजीआयमध्ये फ्रेमवर्क स्वतः 'सिस्टीम बंडल' या विशेष घटकाच्या रूपाने वावरते. हे बंडल थांबवले की संपूर्ण फ्रेमवर्क बंद होते. या प्रक्रियेचे मुख्य वैशिष्ट्य असे की, थांबण्याची विनंती करणे आणि थांबणे पूर्ण होणे या दोन वेगळ्या क्रिया मानल्या आहेत. विनंती करणारी मेथड लगेच परतते, प्रत्यक्ष काम दुसऱ्या थ्रेडवर चालते आणि ते संपल्याची खात्री करून घेण्यासाठी वेगळी मेथड वापरावी लागते. हा भेद लक्षात न घेतल्यास अर्धवट लिहिलेल्या फाइल, मोकळी न झालेली कुलुपे, कायमची अडकून पडलेली प्रक्रिया किंवा पुढच्या वेळी सुरूच न होणारे ॲप्लिकेशन असे परिणाम संभवतात.

पार्श्वभूमी

ओएसजीआय या प्रमाणकाची आखणी करणारी संस्था मार्च १९९९ मध्ये स्थापन झाली आणि प्रमाणकाची पहिली आवृत्ती मे २००० मध्ये प्रसिद्ध झाली. घरगुती जाळ्यांना बाहेरच्या सेवांशी जोडणारी छोटी उपकरणे हे तिचे आरंभीचे लक्ष्य होते. अशी उपकरणे दीर्घकाळ अखंड चालू राहतात आणि त्यांतील सॉफ्टवेअरचा एखादा भाग उपकरण बंद न करता बदलावा लागतो. त्यामुळे घटक सुरू करण्याइतकेच घटक थांबवण्याचे नियम या प्रमाणकात पहिल्यापासून महत्त्वाचे ठरले. २००४ मध्ये एक्लिप्स ३.० या विकसन-साधनाने आपली प्लगइन-व्यवस्था ओएसजीआयवर आधारली आणि हे तंत्र मेजसंगणकांवरील मोठ्या ॲप्लिकेशनपर्यंत पोहोचले. पुढे ते सर्व्हर सॉफ्टवेअरमध्येही रुजले. उदाहरणार्थ, ग्लासफिश हा ॲप्लिकेशन सर्व्हर तिसऱ्या आवृत्तीपासून अपाची फेलिक्स या ओएसजीआय फ्रेमवर्कचा वापर करू लागला.

फ्रेमवर्क बाहेरून कसे सुरू करावे व कसे बंद करावे, याबाबत बराच काळ एकवाक्यता नव्हती. इक्विनॉक्स, फेलिक्स, नॉपलरफिश अशा प्रत्येक अंमलबजावणीची पद्धत निराळी होती. २००९ मध्ये आलेल्या ४.२ या आवृत्तीने 'फ्रेमवर्क' आणि 'फ्रेमवर्कफॅक्टरी' हे दोन इंटरफेस प्रमाणित केले. तेव्हापासून एकाच प्रकारच्या आज्ञावलीने कोणतेही ओएसजीआय फ्रेमवर्क सुरू करणे, थांबवणे आणि ते थांबेपर्यंत वाट पाहणे शक्य झाले.

बंडल आणि त्यांच्या अवस्था

ओएसजीआयमधील मॉड्यूलला 'बंडल' म्हणतात. बंडल ही एक जार फाइल असून तिच्या मॅनिफेस्टमध्ये बंडलाचे नाव, आवृत्ती, लागणारी व पुरवली जाणारी पॅकेजे यांची नोंद असते. प्रत्येक बंडल पुढील सहांपैकी एका अवस्थेत असते: स्थापित, निराकृत (म्हणजे लागणारी सर्व पॅकेजे सापडलेले), सुरू होत असलेले, सक्रिय, थांबत असलेले आणि काढून टाकलेले.

बंडल थांबवताना फ्रेमवर्क त्याला प्रथम 'थांबत असलेले' या अवस्थेत नेते. त्यानंतर बंडलाच्या ॲक्टिव्हेटर क्लासमधील 'स्टॉप' ही मेथड बोलावली जाते. ती परतल्यावर बंडलाने नोंदवलेल्या सेवा फ्रेमवर्क स्वतःहून रद्द करते, बंडल वापरत असलेल्या इतरांच्या सेवा सोडवते, त्याने जोडलेले लिसनर काढून टाकते आणि बंडल पुन्हा 'निराकृत' अवस्थेत येते. ॲक्टिव्हेटरच्या मेथडमधून एक्सेप्शन उद्भवले तरी ही प्रक्रिया मध्येच सोडली जात नाही. बंडल थांबवण्याचे काम पूर्ण केले जाते आणि त्यानंतरच त्या एक्सेप्शनची वार्ता बोलावणाऱ्याला दिली जाते.

बंडल सक्रिय होते की थांबवलेले होते, याची एक टिकाऊ नोंद फ्रेमवर्क आपल्या साठवणक्षेत्रात ठेवते. तिला स्वयं-आरंभ नोंद म्हणता येईल. फ्रेमवर्क पुढच्या वेळी सुरू होते, तेव्हा कोणती बंडले आपोआप सुरू करायची हे या नोंदीवरून ठरते. बंडल साध्या पद्धतीने थांबवले की ही नोंद 'थांबवलेले' अशी बदलते. तात्पुरते थांबवण्याचा पर्याय दिल्यास ती बदलत नाही.

सिस्टीम बंडल

फ्रेमवर्कचे प्रतिनिधित्व करणाऱ्या सिस्टीम बंडलाचा क्रमांक नेहमी ० असतो. इतर बंडलांप्रमाणेच त्यालाही सुरू करणे, थांबवणे आणि अद्ययावत करणे या क्रिया लागू होतात. मात्र त्यांचे अर्थ वेगळे आहेत. सिस्टीम बंडल थांबवणे म्हणजे फ्रेमवर्क बंद करणे, तर ते अद्ययावत करणे म्हणजे फ्रेमवर्क बंद करून पुन्हा सुरू करणे. सिस्टीम बंडल काढून टाकता येत नाही. तसा प्रयत्न केल्यास एक्सेप्शन उद्भवते.

सिस्टीम बंडलाची 'स्टॉप' मेथड बोलावणाऱ्याकडे लगेच परतते आणि फ्रेमवर्क बंद करण्याचे काम दुसऱ्या थ्रेडवर केले जाते. या रचनेला सबळ कारण आहे. ही मेथड पुष्कळदा एखाद्या सामान्य बंडलातून बोलावली जाते, उदाहरणार्थ वापरकर्त्याने 'बाहेर पडा' हे बटण दाबल्यावर. फ्रेमवर्क बंद होताना ते बंडलही थांबवले जाणार असते. मेथड काम संपेपर्यंत परतली नसती, तर बंडलाचा थ्रेड फ्रेमवर्क थांबण्याची वाट पाहत राहिला असता आणि फ्रेमवर्क त्या थ्रेडच्या मोकळे होण्याची. लगेच परतण्यामुळे विनंती करणारे बंडल आपले काम संपवून स्वतः थांबण्यास मोकळे होते.

बंद होण्याचा क्रम

प्रमाणकानुसार फ्रेमवर्क पुढील क्रमाने बंद होते:

१. फ्रेमवर्कची अवस्था 'थांबत असलेले' अशी केली जाते.
२. सर्व बंडले थांबवली जातात. मात्र त्यांच्या स्वयं-आरंभ नोंदी बदलल्या जात नाहीत. एखादे बंडल थांबताना एक्सेप्शन आल्यास ते त्रुटी-घटना म्हणून प्रसिद्ध केले जाते आणि पुढचे काम चालू राहते.
३. फ्रेमवर्कने स्वतः नोंदवलेल्या सर्व सेवा रद्द केल्या जातात.
४. घटना पोहोचवण्याची यंत्रणा बंद केली जाते.
५. फ्रेमवर्कची अवस्था 'निराकृत' अशी केली जाते.
६. फ्रेमवर्कच्या ताब्यातील साधने, म्हणजे थ्रेड, क्लासलोडर, उघड्या फाइल इत्यादी, मोकळी केली जातात.
७. फ्रेमवर्क थांबण्याची वाट पाहणाऱ्या सर्व थ्रेडना काम पूर्ण झाल्याचे कळवले जाते.

दुसऱ्या पायरीतील स्वयं-आरंभ नोंदींचा नियम विशेष महत्त्वाचा आहे. त्याच्यामुळेच फ्रेमवर्क पुन्हा सुरू केल्यावर आदल्या वेळी सक्रिय असलेली बंडले आपोआप सक्रिय होतात. बंद झालेली फ्रेमवर्क-वस्तू टाकून द्यावी लागत नाही. तीच पुन्हा सुरू करता येते.

स्टार्ट लेव्हल

बंडले कोणत्या क्रमाने थांबावीत हे स्टार्ट लेव्हल या व्यवस्थेने नियंत्रित करता येते. प्रत्येक बंडलाला एक धन पूर्णांक नेमून दिलेला असतो. सुरू होताना फ्रेमवर्कची पातळी एकेक पायरीने वर जाते आणि त्या त्या पातळीची बंडले सुरू होतात. बंद होताना ती एकेक पायरीने ० पर्यंत खाली येते आणि बंडले उलट क्रमाने थांबतात.

समजा, एका ॲप्लिकेशनमध्ये नोंदी लिहिणारे बंडल पातळी १ वर, डेटाबेसशी जोडणी सांभाळणारे पातळी ३ वर आणि वेबवरून येणाऱ्या मागण्या घेणारे पातळी ५ वर आहे. बंद होताना वेबचे बंडल प्रथम थांबते, म्हणजे नव्या मागण्या येणे बंद होते. त्यानंतर डेटाबेसचे बंडल अपुरे व्यवहार पूर्ण करून जोडणी तोडते. नोंदी लिहिणारे बंडल सर्वांत शेवटी थांबत असल्याने या सर्व घडामोडींची नोंद राहते. एकाच पातळीवरील दोन बंडलांपैकी कोणते आधी थांबेल यावर मात्र विसंबून राहणे योग्य मानले जात नाही. तसेच एखादी सेवा अचानक नाहीशी झाल्यास बंडलाने तग धरावा, ही ओएसजीआयची मूळ अपेक्षा आहे. स्टार्ट लेव्हल हा तिला पर्याय नव्हे.

पूर्णत्वाची प्रतीक्षा

फ्रेमवर्क इंटरफेसमधील 'वेटफॉरस्टॉप' ही मेथड फ्रेमवर्क पूर्णपणे बंद होईपर्यंत बोलावणाऱ्या थ्रेडला थांबवून ठेवते. तिला मिलिसेकंदांत कमाल कालावधी द्यावा लागतो. ० दिल्यास ती अमर्याद काळ वाट पाहते. ऋण संख्या दिल्यास एक्सेप्शन येते. ही मेथड परतताना एक घटना-वस्तू देते आणि प्रतीक्षा कशामुळे संपली हे तिच्या प्रकारावरून कळते. फ्रेमवर्क नेहमीप्रमाणे बंद झाले, अद्ययावत केल्यामुळे बंद झाले असून पुन्हा सुरू होणार आहे, त्रुटीमुळे थांबले किंवा दिलेली मुदत संपली तरी थांबलेले नाही, हे त्यांपैकी प्रमुख प्रकार होत.

या उत्तराकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरते. मुदत संपल्याचे उत्तर आले असता फ्रेमवर्क बंद झाले असे गृहीत धरून आज्ञावलीने जेव्हीएम संपवले, तर जी बंडले अजून आपला डेटा लिहीत आहेत त्यांचे काम अर्धवट तुटते. उलटपक्षी, फ्रेमवर्क पुन्हा सुरू होणार असल्याचे उत्तर आल्यावर आज्ञावली बाहेर पडली, तर पुनरारंभाची विनंती व्यर्थ जाते. अशा वेळी पुन्हा प्रतीक्षा सुरू करणे हा योग्य मार्ग आहे. म्हणून फ्रेमवर्क सुरू करणाऱ्या आज्ञावलीत ही मेथड बहुधा एका आवर्तनात बोलावलेली आढळते.

बाहेरून आणि आतून बंद करणे

फ्रेमवर्क बंद करण्याची आज्ञा दोन ठिकाणांहून दिली जाऊ शकते आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

पहिले ठिकाण म्हणजे ज्या आज्ञावलीने फ्रेमवर्क निर्माण केले ती बाहेरची आज्ञावली. तिच्या हाती फ्रेमवर्क-वस्तू असल्याने ती 'स्टॉप' बोलावून लगोलग 'वेटफॉरस्टॉप' बोलावू शकते. ती स्वतः बंडल नसल्याने तिला थांबवले जात नाही. त्यामुळे ती निर्धास्तपणे वाट पाहू शकते. प्रक्रिया कोणत्या निर्गम-संकेतांकाने संपवायची हे ठरवण्याचीही तीच योग्य जागा आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे फ्रेमवर्कच्या आत चालणारे बंडल. ते आपल्या बंडल-संदर्भाकडून ० क्रमांकाचे बंडल मागवते आणि त्याची 'स्टॉप' मेथड बोलावते. फ्रेमवर्कची सुरक्षाव्यवस्था चालू असल्यास त्यासाठी सिस्टीम बंडलावरील प्रशासकीय परवानगी लागते. बंडलाने एवढीच विनंती करून आपले काम आवरावे. फ्रेमवर्क पूर्ण बंद होण्याची वाट त्याने पाहू नये, कारण त्याच्या ॲक्टिव्हेटरचा थ्रेड अडकून राहिल्यास फ्रेमवर्कही थांबू शकत नाही.

एखाद्या बंडलाला फक्त आपणच थांबत आहोत की संपूर्ण फ्रेमवर्क बंद होत आहे, हे जाणून घेण्याची गरज पडू शकते. त्यासाठी सिस्टीम बंडलाची अवस्था तपासता येते. ती 'थांबत असलेले' अशी असेल तर फ्रेमवर्कच बंद होत आहे. ही सूचना आगाऊ हवी असल्यास समकालिक बंडल-लिसनर जोडावा लागतो, कारण 'थांबत असलेले' ही घटना साध्या लिसनरपर्यंत पोहोचवली जात नाही.

जेव्हीएम आणि शटडाउन हुक

फ्रेमवर्क बंद होणे आणि जेव्हीएम, म्हणजेच जावाचे आभासी यंत्र, संपणे या स्वतंत्र घटना आहेत. फ्रेमवर्क बंद झाल्यावरही डीमन नसलेला एखादा थ्रेड चालू असेल तर जेव्हीएम जिवंत राहते. याउलट, जेव्हीएम संपवण्याची आज्ञा मिळाली म्हणून फ्रेमवर्क आपोआप व्यवस्थित बंद होईलच असे नाही.

कार्यप्रणालीकडून थांबण्याचा संकेत आला किंवा आज्ञावलीने 'सिस्टीम.एक्झिट' ही मेथड बोलावली, तर जेव्हीएम आपल्याकडे नोंदवलेले शटडाउन हुक सुरू करते. हुक म्हणजे अशा वेळी चालवण्यासाठी राखून ठेवलेला थ्रेड. सर्व हुक एकाच वेळी सुरू होतात आणि त्यांचा क्रम ठरलेला नसतो. फ्रेमवर्क सुरू करणारी आज्ञावली बहुधा असा एक हुक नोंदवते आणि त्यातून 'स्टॉप' व 'वेटफॉरस्टॉप' या मेथड बोलावते. त्यामुळे टर्मिनलवर कंट्रोल आणि सी या कळा दाबल्या तरी बंडले रीतसर थांबतात.

प्रक्रिया सक्तीने मारण्याच्या संकेताला मात्र जेव्हीएम प्रतिसाद देऊ शकत नाही. तेव्हा कोणताही हुक चालत नाही. 'रनटाइम.हॉल्ट' ही मेथडही हुक न चालवता जेव्हीएम तत्काळ संपवते. म्हणून ती अखेरचा उपाय म्हणूनच वापरली जाते.

नेहमी आढळणाऱ्या चुका

प्रत्येक बंडल स्वतंत्रपणे थांबवणे: सर्व बंडलांची यादी घेऊन एकेकाची 'स्टॉप' मेथड बोलावल्यास ॲप्लिकेशन थांबल्यासारखे दिसते, परंतु प्रत्येक बंडलाची स्वयं-आरंभ नोंद 'थांबवलेले' अशी बदलते. साठवणक्षेत्र तेच ठेवून फ्रेमवर्क पुढच्या वेळी सुरू केले असता ही बंडले सुरूच होत नाहीत. शिवाय स्टार्ट लेव्हलचा क्रमही पाळला जात नाही. फक्त सिस्टीम बंडल थांबवल्यास हे दोन्ही दोष टळतात.

बंडलातून 'सिस्टीम.एक्झिट' बोलावणे: फ्रेमवर्क दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अंतर्भूत असेल, तर एका बंडलाच्या या आज्ञेने संपूर्ण सर्व्हर बंद पडतो. ॲक्टिव्हेटरच्या 'स्टॉप' मेथडमधून ती बोलावली तर परिस्थिती अधिक बिकट होते. 'सिस्टीम.एक्झिट' सर्व हुक संपेपर्यंत परतत नाही. हुक फ्रेमवर्क बंद होण्याची वाट पाहतो. फ्रेमवर्क बंडलाची 'स्टॉप' मेथड परतण्याची वाट पाहते. आणि ती मेथड 'सिस्टीम.एक्झिट' परतण्याची. या कोंडीला डेडलॉक म्हणतात. त्यातून प्रक्रिया सक्तीने मारूनच सुटका होते.

विनंतीनंतर वाट न पाहणे: बाहेरच्या आज्ञावलीने 'स्टॉप' बोलावून लगेच जेव्हीएम संपवण्याची आज्ञा दिली आणि हुक नोंदवलेला नसला, तर बंडले थांबण्यापूर्वीच प्रक्रिया संपू शकते. छोट्या ॲप्लिकेशनमध्ये बंडले क्षणार्धात थांबत असल्याने ही चूक चाचणीत सहसा दिसत नाही. प्रत्यक्ष वापरात, डेटाचा भार वाढल्यावर, ती उघडकीस येते.

बंडल-लेखकाची जबाबदारी

सेवा, लिसनर आणि इतरांच्या सेवांचा वापर यांची आवराआवर फ्रेमवर्क करते. परंतु बंडलाने स्वतः निर्माण केलेले थ्रेड, उघडलेल्या फाइल, जाळ्यावरील जोडण्या आणि टायमर यांची फ्रेमवर्कला माहिती नसते. त्या बंद करणे ही बंडल-लेखकाची जबाबदारी आहे. थ्रेडसंच वापरला असल्यास नवी कामे घेणे प्रथम थांबवावे, चालू कामांना मर्यादित मुदत द्यावी आणि ती उलटल्यावर उरलेल्या थ्रेडना व्यत्यय-संकेत पाठवावा, ही रूढ पद्धत आहे. डिक्लेरेटिव्ह सर्व्हिसेस ही घटक-व्यवस्था वापरणाऱ्या बंडलात हेच काम निष्क्रियीकरणाच्या मेथडमध्ये केले जाते.

बंडल थांबल्यानंतर त्याचा बंडल-संदर्भ अवैध होतो. मागे राहिलेल्या थ्रेडने त्या संदर्भाद्वारे सेवा मागितल्यास अवैध अवस्थेचे एक्सेप्शन उद्भवते. फ्रेमवर्क बंद होताना नोंदींमध्ये अशी एक्सेप्शन दिसणे हे बहुतेकदा एखादा थ्रेड वेळेवर न थांबवल्याचे लक्षण असते. फ्रेमवर्क बंद होऊनही प्रक्रिया संपत नसेल, तर जेस्टॅक या साधनाने चालू थ्रेडची यादी काढून कोणता थ्रेड मागे राहिला हे शोधता येते.

विविध अंमलबजावण्यांतील सोयी

अपाची फेलिक्सच्या आरंभक आज्ञावलीत शटडाउन हुक मुळातच नोंदवलेला असतो. संरचनेतील एका गुणधर्माने तो वगळता येतो. ही आज्ञावली फ्रेमवर्क सुरू करून ते थांबण्याची अमर्याद वाट पाहते, अद्ययावत केल्यामुळे थांबले असल्यास आवर्तन पुन्हा चालवते आणि अन्यथा जेव्हीएम संपवते. गोगो या आदेश-खिडकीत 'स्टॉप ०' असा आदेश दिल्यास सिस्टीम बंडल थांबते.

इक्विनॉक्समध्ये 'एक्लिप्सस्टार्टर' हा जुना आरंभक क्लास फ्रेमवर्क बंद करण्याची मेथड पुरवतो. त्याच्या पारंपरिक आदेश-खिडकीत 'क्लोज' हा आदेश फ्रेमवर्क रीतसर बंद करून बाहेर पडतो, तर 'एक्झिट' हा आदेश सरळ 'सिस्टीम.एक्झिट' बोलावतो. एक्लिप्सवर आधारित खिडक्यांच्या ॲप्लिकेशनमध्ये फ्रेमवर्क थेट थांबवण्याऐवजी वर्कबेंच बंद करण्याची विनंती केली जाते. त्यामुळे जतन न केलेल्या दस्तऐवजांविषयी वापरकर्त्याला विचारता येते. ॲप्लिकेशनने परत दिलेल्या मूल्यावरून बाहेर पडायचे की पुन्हा सुरू व्हायचे हे ठरते.

कालमर्यादा

ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये चालवले जाते तेव्हा बंद होण्यासाठी मिळणारा वेळ बाहेरून ठरतो. डॉकरमध्ये लिनक्स कंटेनर थांबवताना प्रथम सौम्य संकेत पाठवला जातो आणि वेगळी मुदत दिली नसल्यास १० सेकंदांनी प्रक्रिया सक्तीने मारली जाते. कुबरनेटीसमध्ये ही मुदत मुळात ३० सेकंदांची असते. 'वेटफॉरस्टॉप'ला दिलेला कालावधी याहून अधिक असल्यास त्याचा उपयोग होत नाही. बंडले थांबत असतानाच प्रक्रिया नष्ट होते. म्हणून सर्व बंडलांना थांबण्यास लागणारा एकत्रित वेळ मोजून बाहेरची मुदत त्याहून मोठी ठेवली जाते. बंडले एकामागून एक थांबत असल्यामुळे प्रत्येकाने घेतलेला थोडा थोडा वेळ एकत्र होऊन मोठा होऊ शकतो, हे त्या हिशेबात धरावे लागते.